गावभर झाले ते झाका, घरात झाकले ते सांगा

गावातला एखादा पोरगा पोलिसांनी नेला आणि काही महिन्यांनी तो परत आला, की त्याने काय केले हे साऱ्या गावाला पाठ असते. पारावर, पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीच्या रांगेत तीच चर्चा. पण त्याला एका कानाने ऐकू येत नाही, फळ्यावरचे दिसत नाही, फेफरे येते, किंवा सहावीत जाऊनही दोन ओळी धड वाचता येत नाहीत, हे मात्र घरच्यांशिवाय कोणाला माहीत नसते. कित्येकदा घरच्यांनाही त्याचा उलगडा झालेला नसतो. "पोरगं आडमुठं आहे," एवढे म्हणून ते मोकळे होतात.

वाचकहो, हे सारे उलटे व्हायला हवे. गुन्ह्याची गोष्ट झाकली गेली पाहिजे आणि अपंगत्वाची गोष्ट योग्य माणसाच्या कानावर गेली पाहिजे. आपला कायदाही तेच सांगतो. असे पोर पुन्हा शाळेत रुळेल की पुन्हा वाट चुकेल, ते पुष्कळसे यावर अवलंबून असते. म्हणून हा विषय आज तुमच्यापुढे मांडत आहोत. आपल्या घरी तसे काही नाही म्हणून पान उलटू नका. तसे पोर शेजारच्या घरात असेल, तुमच्या मुलाच्या वर्गात असेल.

पोर अडकते कसे?

समजा, चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. अंगाने थोराड, पण समज सात-आठ वर्षांच्या पोराएवढी. शाळेत तो मागच्या बाकावर बसून राहिला. वर्ग पुढे सरकत गेले, वाचणे मात्र आले नाही. मग शाळेत जाणे कमी झाले आणि मोठ्या पोरांच्या मागे हिंडणे वाढले. एका रात्री ती पोरे कोणाच्या तरी विहिरीवरची मोटारीची केबल तोडतात. आतले तांबे भंगारात विकायचे असते. याच्या हातात बॅटरी देतात आणि सांगतात, "इथंच उभा राहा." माणसे धावून येतात तेव्हा बाकीचे पळतात. हा उभाच राहतो, कारण त्याला उभे राहायला सांगितलेले असते. पुढे कोणी दरडावून विचारले, "तूच चोरलीस ना?" की हा मान हलवतो. मोठ्या माणसाला 'हो' म्हटले की मार चुकतो, एवढेच तो आजवर शिकलेला असतो.

दुसरे उदाहरण कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे घ्या. पाठीमागून हाक मारली तर तो वळत नाही. लोकांना वाटते, मगरूर आहे. कोणी दंडाला धरून ओढले, की तो घाबरून हात उगारतो. मारामारीत नाव मात्र त्याचेच पुढे येते. ज्याला अक्षरे उलटसुलट दिसतात, त्याला वर्गात रोज हसे करून घेण्यापेक्षा शाळा बुडवणे बरे वाटते. शाळा बुडवून दिवसभर बाहेर राहिलेले पोर कोणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो.

याचा अर्थ असा घेऊ नका की अपंग मुले गुन्हा करतात. बहुतेक अपंग मुले आपल्यासारखीच सरळ वाटेने चालतात. आणि अपंगत्व म्हणजे गुन्ह्याला माफी, असेही कोणी म्हणत नाही. ज्याची केबल गेली त्याचे उभे पीक पाण्यावाचून वाळले असेल, ते नुकसान खरेच आहे. सांगायचे एवढेच, की ज्या अडचणीमुळे पोर घसरले ती अडचण तशीच ठेवून त्याला पुन्हा त्याच मागच्या बाकावर बसवले, तर पुन्हा तेच होण्याची भीती राहते.

'रिमांड होम' म्हणजे तुरुंग नव्हे

जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा झाला. पुढे कायदे बदलत गेले, पण 'रिमांड होम' हा शब्द आपल्या तोंडी अजून राहिला आहे. आज लागू आहे तो २०१५ चा बाल न्याय कायदा. या कायद्यात अशा मुलाला 'गुन्हेगार' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पोराचा कायद्याशी खटका उडाला, म्हणून ते जन्माचे चोर ठरत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी स्त्री असते. चौकशी चालू असताना घरी सोडता आले नाही, तर मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. चौकशी चार महिन्यांत संपावी आणि फार तर आणखी दोन महिने मुदत मिळावी, असा नियम आहे. दोष आढळला तरी मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकते, नाहीतर विशेष गृहात ठेवू शकते. तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. 'शाळेत जा' असा आदेशही मंडळ देऊ शकते. सोळा वर्षांवरील मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला असेल, तर मात्र प्रकरण वेगळ्या न्यायालयाकडे जाऊ शकते.

आई-बापांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. मूल आत असतानाही त्याचे शिक्षण थांबता कामा नये. गरज असेल तर विशेष शिक्षण, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेलचे साहित्य ही साधने त्याला तिथे मिळावीत, असे याच कायद्यात लिहिले आहे. म्हणून भेटीला जाल तेव्हा नुसते डोळे पुसून परत येऊ नका. "साहेब, आमच्या पोराचे कान तपासले का? तो वाचायला शिकतोय का?" असे विचारा. यात कोणाचा अपमान नाही, तो तुमचा हक्कच आहे.

झाकायचे ते काय?

मुलाचे नाव, गाव, शाळा, फोटो, ज्यावरून ओळख पटेल असे काहीही वर्तमानपत्रात किंवा इतर कोणत्याही माध्यमात देण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे. हे कलम मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोबाईलवर गावच्या गटात 'हाच तो चोर' म्हणून फोटो फिरवणाऱ्या हौशी मंडळींनी हे वाचून ठेवावे.

प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ही नोंद उघड करायची नाही. त्याच कायद्याचे २४ वे कलम सांगते, की या प्रकरणामुळे मुलाला पुढे कसलीही अपात्रता चिकटू नये. अपिलाची मुदत संपल्यावर प्रकरणाची कागदपत्रे नष्ट करायची असतात. ज्या सोळा वर्षांवरील मुलाचा खटला मोठ्या माणसाप्रमाणे चालवला गेला, त्याच्या बाबतीत एवढे संरक्षण मिळत नाही. बाकीच्यांची पाटी कायद्याने पुसून कोरी केलेली असते. तिच्यावर पुन्हा पुन्हा लिहिण्याचे काम आपल्या जिभाच करतात.

मग शाळेत काय सांगावे? खोटे बोलू नये, पण सगळे पुराणही लावू नये. "काही महिने तो सरकारी देखरेखीत होता, तिथे शिकतही होता," एवढे मुख्याध्यापकांना खासगीत सांगितले की पुरे. वर्गातल्या मुलांपुढे, शिपायापुढे, इतर पालकांपुढे हा विषय निघू नये, आणि शाळेच्या रजिस्टरात तसा शेराही पडू नये, एवढी विनंती मुख्याध्यापकांना जरूर करावी.

सांगायचे ते काय?

आता दुसरी बाजू पाहू. पोराच्या अंगची उणीव आपण लाजेने झाकतो. 'मुलीचे लग्न अडेल', 'लोक वेडा म्हणतील' ही भीती असते. पण उणीव झाकली की तिच्यासाठी मिळणारी मदतही आपोआप झाकली जाते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यांत हातापायाचे, डोळ्याचे, कानाचे अपंगत्व तर आहेच. शिवाय बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, आणि हुशार असूनही ज्याला वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही अशा मुलाची अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे 'आळशी', 'ढ' म्हणून ज्याला आपण बदडले, त्याला कदाचित कायद्याचेच संरक्षण असते.

तपासणीची सुरुवात शाळेतूनही करता येते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचे पथक गाडी घेऊन शाळाशाळांतून फिरते आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. हे पथक केव्हा येणार, ते गुरुजींना किंवा आशाताईंना विचारा. पक्क्या निदानासाठी आणि दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागते. अर्ज इंटरनेटवर भरायचा असतो. घरात कोणाला जमत नसेल, तर गावच्या सेवा केंद्रात भरून मिळतो. त्यावरून जे ओळखपत्र मिळते ते साऱ्या देशात चालते.

चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घराजवळच्या शाळेत घालायचे की खास शाळेत, हे निवडता येते. अपंगत्व आहे म्हणून सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षक असतात. आपल्या गुरुजींनी त्यांना बोलावून घ्यावे. दहावीच्या परीक्षेत पात्र मुलांना जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. आणि दाखल्यावर टक्के कमी आले तरी निराश होऊ नका. पुढच्या बाकावर बसवणे, हळू आणि समोर बघून बोलणे, फळ्यावरचे मोठ्या अक्षरात लिहिणे यासाठी कोणाच्या सही-शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही.

सांगतानाही आजाराचे भले मोठे नाव सांगत बसू नये. काय केले म्हणजे पोराला जमते, ते सांगावे. "गुरुजी, याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवा कान तुमच्याकडे राहील असा बसवा. एका वेळी एकच काम सांगा, दोन सांगितली की त्याचा गोंधळ होतो. आणि चिडला तर ओरडू नका, पाच मिनिटं पिंपळाखाली बसू द्या, आपोआप निवळतो." एवढी चार वाक्ये दहा पानांच्या अहवालापेक्षा गुरुजींच्या जास्त उपयोगी पडतील.

सुटण्याच्या आधीच तयारी

वांग्याचे रोप वाफ्यातून काढून लावण्याआधी तुम्ही त्याचे पाणी थोडे तोडता, ते काटक करता, आणि ऊन कलल्यावर लावता. भर दुपारी उपटून लावलेले रोप माना टाकते. पोराचेही तसेच आहे. सुटकेच्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा महिना-दोन महिने आधी तयारीला लागा.

पहिली गोष्ट, परिविक्षा अधिकाऱ्याला भेटा. प्रत्येक मुलासाठी एक वैयक्तिक आराखडा करायचा असतो. त्यात शाळेचे काय, औषधाचे काय, हे लिहिले आहे का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट कागदांची. मुलगा आत काय शिकला त्याची नोंद, डॉक्टरांचे कागद, अपंगत्वाचा दाखला, चष्मा किंवा श्रवणयंत्र, आणि चालू गोळ्या, हे सारे सोबत घेऊनच निघा. फेफऱ्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. एकदम बंद केल्या तर फेफरे जोराने उलटते.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे असते, आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवणी द्यायची असते. अशा मुलाचे चौदावे वर्ष उलटले, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफतच राहते. वर्ष अर्धे सरले म्हणून, किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्या मुलांचे दाखले दोन-तीन गावांत विखुरलेले असतात. मुलगा वयाने फार मोठा झाला असेल आणि रोजच्या शाळेत बसायला शरमत असेल, तर मुक्त विद्यालयातून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. दहावीला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. मात्र शाळेने हात झटकण्यासाठी हा रस्ता दाखवू नये. तो मुलाने आणि घरच्यांनी निवडलेला असावा.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. शाळेत एक माणूस ठरवून ठेवा. एखादे गुरुजी असतील, बाई असतील, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशीही चालतील. काही बिनसले की पोराने सरळ त्यांच्याकडे जावे. अनेकांनी थोडे थोडे लक्ष देण्यापेक्षा एकाने नीट लक्ष दिलेले बरे.

पहिले पंधरा दिवस

संस्थेत घंटेवर उठायचे, घंटेवर जेवायचे. घरी आल्यावर एकदम मोकळे रान मिळते, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला या बदलाचाच त्रास होतो. म्हणून दिवसाचा क्रम ठरवा. उठणे, दूध, शाळा, गुरांना पाणी, अभ्यास, झोप यांची चित्रे कागदावर काढून भिंतीला लावा. वाचता येत नसले तरी चित्र कळते. शाळेच्या वाटेवर भाऊ, बहीण किंवा भरवशाचा सोबती बरोबर द्या, म्हणजे जुनी टोळी वाटेत गाठणार नाही. श्रवणयंत्राला पाणी लागू देऊ नका आणि त्याचे सेल संपण्याआधी आणून ठेवा. सेल संपलेले यंत्र कानात असले काय, नसले काय, सारखेच.

गुरुजींनाही एक विनंती आहे. कधीतरी वर्गात कोणाचे पेन हरवेल आणि साऱ्या नजरा एकाच पोराकडे वळतील. तो क्षण तुमच्या परीक्षेचा आहे. त्या एकट्याचे दप्तर झडू नका. "पेन कुठं पडलंय ते आपण सगळे मिळून शोधू," एवढे म्हणा. त्या दिवशी तो पोरगा वर्गात बसून राहिला, तर उद्याही येईल. शिक्षण हक्क कायद्याने मारण्याबरोबरच मनाला लागेल असा छळ करण्यासही बंदी घातली आहे. टोमणा हा त्यातलाच भाग आहे.

परत आलेली मुलगी असेल तर आणखी एक धोका असतो. 'बदनामी झाली, आता शाळा कशाला,' म्हणून तिला उजवून टाकण्याची घाई होते. अठरा वर्षांच्या आत लग्न लावणे हा स्वतःच एक गुन्हा आहे. आणि जिला नीट ऐकू येत नाही किंवा जिची समज कमी आहे, तिला परक्या घरी लोटून देणे म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणे होय. शाळा तिची सर्वांत सुरक्षित जागा आहे, तिथेच तिला ठेवा.

कोणाचे दार ठोठवायचे?

शाळेने प्रवेश नाकारला तर आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलाच्या इतर अडचणींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. १०९८ या क्रमांकावर फोन केला तर पैसे पडत नाहीत. वकिलाची गरज पडली, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे मुलांना आणि अपंगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि ज्यांच्या घरी असे पोर नाही, त्या वाचकांनी काय करावे? तुम्हाला अर्ज नाही, फेरी नाही, खर्च नाही. पारावर विषय निघाला की तो वाढवू नका. तुमचे मूल विचारील, "आई, त्याच्याजवळ बसू का?" तेव्हा "बस" म्हणा. ज्याचे नुकसान झाले त्याचा राग आम्ही समजू शकतो. बापाने त्याच्याकडे स्वतः जाऊन हात जोडावेत, जमेल तशी भरपाई करावी. पण तो हिशेब मोठ्यांनी मोठ्यांत मिटवावा. पोराच्या वाटेवर तो रोज मांडून ठेवू नये.

कायद्याने मुलाला पुन्हा सुरुवात करण्याचा हक्क दिला आहे. पण सकाळी दप्तर घेऊन निघालेल्या पोराला गावातूनच शाळेत जावे लागते. ती वाट मोकळी ठेवणे तुमच्या-आमच्या हातात आहे.